बॉल पकडायचा नसतो

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी संपली, फराळाचे डबे तळाला गेले आणि डबे ठेवता ठेवता माझ्या नवऱ्याला, मितेशला, ऑफिसातून मिळालेली ही डायरी कपाटात कोरीच सापडली. वर्ष संपत आलंय, पण एवढा चांगला कागद वाया का घालवा, म्हणून मी घेतली.

कोपरखैरण्याला असते तर डायरी लिहायची वेळच आली नसती. गावठाणातल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी उंबऱ्यावर बसलं की दिवसभराचं सगळं बोलून संपायचं, वर दुसऱ्यांच्या घरातलंही फुकट कळायचं. इथे उलव्याला नवव्या मजल्यावर आमचं दार बंद, समोरच्यांचं दार बंद, आणि लिफ्टमध्ये सगळे मोबाइलकडे बघतात. मे महिन्यात राहायला आलो. मितेशला इथल्या नव्या विमानतळाच्या कार्गोत नोकरी लागली म्हणून आलो. घर छान आहे, हवा भरपूर येते, लांबवर खाडी दिसते. पण हवेशी माणूस किती बोलणार? बिल्डिंगमध्ये मला अजून कोणी नावाने हाक मारत नाही. वॉचमन 'नऊशेतीन' म्हणतो.

असो. लिहायला बसले ते मनस्वीबद्दल. आमची एकुलती एक, तेरा वर्षांची, आठवीत. जुन्या शाळेत ती व्हॉलीबॉलच्या टीममध्ये होती. इथल्या शाळेत ग्राउंडच नाही, गच्चीवर योगा घेतात. भाऊबीजेला कोपरखैरण्याला गेलो तेव्हा तिने सगळ्यांच्या देखत विषय काढला. नववीसाठी जुन्या शाळेत परत जायचंय, काशीकाकीकडे राहीन, शनिवार-रविवार घरी येईन. काशीवहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. तिचे मुलगे लग्न होऊन वेगळे राहतात. ती लगेच म्हणाली, "पोर मना जड नाय. घरान जागा हाय." जुन्या शाळेचे जोतीराम सर जानेवारी संपेपर्यंत टीममधली तिची जागा धरून ठेवणार आहेत. मितेश म्हणाला, बघू.

मी भाकरी वाढत राहिले. तिथे बोलले नाही, इथे लिहिते. मला तिला पाठवायचं नाही. तेराव्या वर्षी पोरीला दुसऱ्याच्या घरी ठेवायचं, मग मी या नवव्या मजल्यावर काय करू?

३० ऑक्टोबर, गुरुवार

मनस्वी शाळेतून आली की टीव्हीवर एक जपानी कार्टून लावते. मला वाटलं पोराटोरांचं काहीतरी असेल. तर निघाली शाळकरी मुलींची व्हॉलीबॉलची टीम. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं पळतात. एक बॉल हवेत गेला की खाली यायला आख्खा भाग लागतो. मधल्या वेळात त्या मुलीला तिचं लहानपण आठवतं, आई आठवते, मागच्या वर्षीची हार आठवते, घाम गळतो, वारा सुटतो. मी म्हणाले, एवढ्या वेळात माझ्या डझनभर भाकऱ्या होतील. मनस्वी हसली नाही. कोपरखैरण्याची मनस्वी हसली असती.

५ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी पाय दुखतात म्हणून मी सोफ्यावर बसते. टीव्ही समोरच आहे, त्याला माझा इलाज नाही.

नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून मी माझी ठेवलीत. लांबडी कॅप्टन आहे. चष्मावाली सारखी रुसते. बुटकी उगाच ओरडत धावते आणि खांबाला आपटते. समुद्राकाठचं गाव आहे त्यांचं. आपण बोंबील वाळत घालतो तसे तिथे दोरीवर माकुल वाळत घातलेले असतात. ते बघितल्यावर मला त्या मुली एकदम घरच्या वाटायला लागल्या. मी मनस्वीला म्हणाले की हवा दमट आहे, असे सुकवले तर वास मारणार. या वेळी ती हसली.

टीममध्ये मुली पुरेशा नाहीत. लांबडी वर्गावर्गात जाऊन मुलींच्या विनवण्या करते. तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष आहे. मी विचारलं, जाणारच आहे तर हिला एवढी धावाधाव कशाला हवी? मनस्वी म्हणाली, "म्हणूनच." आणि पाणी प्यायला उठून गेली.

मला काही पटलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बोंबील साफ करता करता एकदम डोक्यात आलं. काखेत कळसा नि गावाला वळसा! पोरीला टीम हवी आहे ना? मग टीम इथेच उभी करायची. आमच्या बिल्डिंगच्या मागे सोसायटीचा मोकळा प्लॉट आहे, जाळी बांधायला दोन खांब आहेत. खेळायला मुली मिळाल्या की ती कशाला जाईल कोपरखैरण्याला?

तिला सांगितलं. मुली मिळणार नाहीत म्हणाली, सगळ्यांना क्लास असतात. मग म्हणाली, "तू खेळशील? बायकांची टीम करू. मी शिकवते."

मी म्हणाले, मला काय शिकवतेस, पावणे एमआयडीसीतल्या शिलाई कारखान्यात होते तेव्हा महिला दिनाला थ्रोबॉलचा कप आम्हीच आणायचो. ते खोटं नाही. माझ्या हातात आलेला बॉल कधी सुटला नाही.

तिने एकच अट घातली. दारोदार जाऊन बायकांना बोलवायचं काम माझं, ती येणार नाही. मी कबूल झाले. पोरगी लाजाळू आहे, कळतं मला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज दारं वाजवली. सहाव्या मजल्यावर क्रांती भेटली. ती मूळची जालन्याकडची, पनवेलला हॉस्पिटलात नर्स आहे, चांगली उंच. तिने दार उघडलं आणि मी काही सांगायच्या आत म्हणाली, "या ना दमयंतीताई." माझं नाव तिला कसं माहीत कोण जाणे. सोसायटीच्या यादीत वाचलं असेल. तिची सासू बायजाबाई आतून आली. वय साठीच्या पुढे, कपाळावर गोंदण, अंगाने काटक. मीबी येणार म्हणाली. मला वाटलं गंमत करते, पण तिने लगेच कुठली चप्पल घालायची ते विचारलं.

पहिल्या मजल्यावरची पायल नवी नवरी आहे. तिला घराबाहेर पडायला निमित्तच हवं होतं. पाचव्या मजल्यावर दोघी जावा राहतात, एका घरात, पण एकमेकींशी बोलत नाहीत. दोघींनी वेगवेगळा होकार दिला.

म्हणजे माझ्यासकट सहा झाल्या. पहिल्याच फेरीत! माझ्या बोलण्यात काहीतरी आहे, हे मितेशला मी रात्री जेवताना दोनदा सांगितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिली प्रॅक्टिस. देवा.

सगळ्यांना थ्रोबॉल येतो, तीच मोठी आफत. महिला मंडळ असो की सोसायटी, बायकांना आजवर थ्रोबॉलच खेळवलाय. बॉल आला की पकडायचा आणि फेकायचा. हाताला तीच सवय. व्हॉलीबॉलमध्ये बॉल पकडला की फाउल. मनस्वी घसा फोडून सांगत होती, पकडायचा नाही, नुसता उचलून पुढच्या बाईला द्यायचा. पायल पकडायची आणि सॉरी म्हणायची. बायजाबाई पकडायची आणि पदरात घ्यायची. थोरल्या जावेने पकडला तर धाकटीने तो तिच्या हातातून हिसकावून घेतला. सगळ्यात जास्त कोणी पकडला ते लिहीत नाही.

शेवटी मनस्वीने कार्टून दाखवायचं ठरवलं. सगळ्या जणी आमच्या घरी वर आल्या. सोफा कमी पडला, बायका खाली सतरंजीवर बसल्या. चहा दोनदा टाकावा लागला. बायजाबाईला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून क्रांती प्रत्येक वाक्य तिला मराठीत सांगत होती, तेही एक वाक्य मागे. म्हणजे लांबडी रडायला लागली तेव्हा बायजाबाई आधीच्या विनोदावर हसत होती.

त्या गेल्यावर घर भरल्यासारखं वाटत होतं. कप विसळताना मी गाणं म्हणत होते, असं मितेशचं म्हणणं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, संध्याकाळी सहा वाजता, असं ठरलंय. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी वाट बघत होते कधी एकेक गळते, पण कोणी गळली नाही.

मला स्मॅश मारायचा होता. कार्टूनमध्ये सगळी मजा त्याच बाईची असते. मनस्वीने मला लिफ्टर केलं. म्हणजे बॉल उचलून दुसऱ्याला द्यायचा, क्रांतीने मारायचा, टाळ्या क्रांतीला. मी फुगून बसले. मनस्वी म्हणाली, "मम्मी, लिफ्टरकडे सगळ्यांना यावं लागतं. प्रत्येक बॉल तुझ्या हातातून जाणार."

मग ठीक आहे.

व्हॉट्सॲपचा ग्रुप केलाय तिने. मला ॲडमिन केलं. मी म्हणाले, तूच राहा, मला त्यातलं काय कळतं. तिने बसवून सगळं शिकवलं, कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, मेसेज सगळ्यांना कसा टाकायचा. आजकालच्या पोरांना कामं आईबापावर ढकलायची भारी हौस.

११ डिसेंबर, गुरुवार

जरा खटकतंय. मनस्वी आज प्रॅक्टिसला आली नाही, अभ्यास आहे म्हणाली. मंगळवारीही आली नव्हती. मी वर पाहिलं तर गॅलरीत उभी राहून आमच्याकडे बघत होती. पुस्तक हातात नव्हतं.

ज्या पोरीसाठी एवढा घाट घातला तिचंच मन उडालं की काय? मितेशला बोलले. तो म्हणाला, जानेवारी यायचाय अजून. त्याला काही विचारलं की तो कॅलेंडर सांगतो.

प्रॅक्टिस मात्र झाली. मी शिट्टी वाजवली, मीच ओरडले. कोणाचं काही अडलं नाही.

२० डिसेंबर, शनिवार

सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब. २६ जानेवारीच्या कार्यक्रमाचा कागद त्यांनी लिफ्टमध्ये चिकटवला. पुरुषांसाठी व्हॉलीबॉल, महिलांसाठी थ्रोबॉल, रांगोळी आणि संगीत खुर्ची. आम्ही सहाही जणी त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. ते म्हणाले, बायकांच्या बोटांना लागतं. क्रांतीने विचारलं, दिवसभर भांडी, कपडे, सुया, इंजेक्शनं, तेव्हा कोणाची बोटं वापरतो आम्ही? रावसाहेबांच्या मिसेस आतून हसल्याचं ऐकू आलं. कागद बदलला. शेजारच्या सोसायटीच्या बायकांशी मॅच ठरली, आणि रावसाहेब स्वतः पंच.

वर येऊन मनस्वीला सांगितलं. ती इतकी खूश झाली की मला मिठी मारली. मी मनात म्हटलं, अडकली पोरगी. आता कुठे जाते.

२५ डिसेंबर, गुरुवार

आजपासून नव्या विमानतळावरून विमानं सुरू झाली. मितेशला सुट्टी नाही. आम्ही सगळ्या गच्चीवर गेलो. बायजाबाईने प्रत्येक विमानाला हात केला. धाकटी जाऊ थोरलीला म्हणाली, "बघा, ते वळलं." सगळ्यांनी ऐकलं, पण मुद्दाम कोणी तिकडे पाहिलं नाही.

मनस्वी आली नव्हती. टीव्ही कसा लावायचा, कार्टून कुठे सापडतं, पुढचा भाग कसा काढायचा, हे तिने मला काल दुपारी तीनदा करायला लावलं. मी वैतागले. म्हटलं, तू असताना मी कशाला शिकू? ती म्हणाली, शिक ना मम्मी.

८ जानेवारी, गुरुवार

कार्टून संपलं. मी इतकी रडले की मितेश बाथरूममधून फेस लावलेला बाहेर आला.

शेवटच्या मॅचमध्ये त्या मुली हरतात. मला वाटलं होतं जिंकतील. एवढं सगळं करून हरतात! मग लांबडी आणि तिच्या वर्गातल्या दोघी ग्राउंडला वाकून नमस्कार करतात आणि निघून जातात. शाळा संपली. बुटकी दारात उभी राहून रडते आणि दुसऱ्या दिवशी तीच नव्या मुलींना शिकवायला लागते.

मी म्हणाले, हा काय शेवट झाला? लांबडीला तिथेच कुठेतरी ठेवायला हवं होतं. मास्तरीण करायची. मनस्वी म्हणाली, "तिला पुढे खेळायचंय ना. पण तिने जायच्या आधी सगळ्यांना तयार केलं. आता टीम तिच्यावाचून चालेल."

मी म्हणाले, चालेल, पण आधीसारखी नाही चालणार. यावर ती जवळ सरकली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. भरल्या घरात बसल्यासारखं सुख वाटलं मला. जानेवारी लागला आणि जुन्या शाळेचं तिने नाव काढलेलं नाही. मला वाटतं जिंकले मी.

१७ जानेवारी, शनिवार

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून मनस्वी बाहेर पडली. 'मनस्वी लेफ्ट' असं आलं. विचारलं तर म्हणे, मी टीममध्ये खेळत नाही, माझं काय काम, चुकून मेसेज येत राहतात. वयात येणाऱ्या मुलींचं असंच असतं, पायल म्हणाली. ती स्वतः परवापरवा वयात आलीय.

२५ जानेवारी, रविवार

दुपारी जोतीराम सरांचा फोन आला. माझ्याच मोबाइलवर. चांगला माणूस आहे, आवाजात घाई नव्हती. म्हणाले, मनस्वीची जागा अजून ठेवलीय, तिच्यासारखी लिफ्टर शाळेला मिळाली नाही, पण आता हो की नाही सांगा. मी म्हणाले, उद्या संध्याकाळी सांगते.

मनस्वी दारात उभी होती. कोणाचा फोन विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मग तिने माझ्या उद्याच्या टी-शर्टला इस्त्री केली. इस्त्रीला हात लाव म्हटलं की पळणारी पोरगी.

मी 'नाही' म्हणणार आहे. ठरवलंय. इथे सगळं छान चाललंय.

२६ जानेवारी, सोमवार

हरलो. माझ्यामुळे हरलो. आणि आजचा दिवस आमच्या नव्या घरातला सगळ्यात चांगला दिवस आहे. आता नीट लिहिते.

झेंडावंदन झालं, पोरांची भाषणं झाली, मग आमची मॅच. समोरच्या बायकाही थ्रोबॉलवाल्याच, त्यामुळे मॅच अशी होती की ज्यांनी कमी बॉल पकडले ते पुढे. रावसाहेब शिट्टी वाजवून वाजवून लाल झाले. बायजाबाईची सर्व्हिस खालून, हळू, पण नेमकी दोघींच्या मध्ये पडायची आणि समोरच्या एकमेकींकडे बघत राहायच्या. दोन्ही जावा जाळीजवळ शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि 'माझा', 'तुमचा' असं चक्क बोलत होत्या. मी एकही बॉल पकडला नव्हता. सगळे उचलून दिले. क्रांतीने मारले. गॅलऱ्यांमधून लोक ओरडत होते, आणि नावाने ओरडत होते.

शेवटच्या पॉइंटला आलो. त्यांचा एक पॉइंट झाला की त्या जिंकणार होत्या. पायलने बॉल छान वर काढला, तो सरळ माझ्याकडे आला, हळू, अगदी कार्टूनसारखा. मी वर पाहिलं. आणि खरंच तसंच झालं, कधी टीव्हीवरचं खरं होईल असं वाटलं नव्हतं. बॉल खाली येईना. बॉलच्या पलीकडे कडेला मनस्वी उभी दिसली. आमच्या पाण्याच्या बाटल्या पोटाशी धरून, ओठ आवळून. परवापर्यंत माझ्या कडेवर असलेली पोर. संध्याकाळी सरांना फोन करायचाय, हे आठवलं. मला तो बॉल कोणाला द्यायचा नव्हता.

मी पकडला. दोन्ही हातांनी पकडून छातीशी धरला. शिट्टी वाजली, तरी सोडला नाही.

मग बायजाबाई खाली बसली आणि हसायला लागली. तिचं हसणं थांबेना. मग पायल, मग दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून. समोरच्या बायकाही जाळीखालून येऊन हसायला लागल्या. मला रडू येत होतं आणि मीही हसत होते. क्रांतीने येऊन माझ्या हातातून बॉल काढून घेतला.

सगळ्या आमच्या घरी वर आल्या, कोणी बोलावलं नव्हतं. पोहे केले. मनस्वी सगळ्यांना वाढून आत गेली. बायजाबाई ताटली घेऊन स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली आणि म्हणाली, आता लेकरू जूनमध्ये गेलं तरी फिकीर करू नका, आम्ही हाव.

मी म्हणाले, कुठे जाणार? कोणी सांगितलं?

तिने ताटली ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "आवो, दिवाळी झाल्यावर लेकरू दारात आलतं की. म्हनलं, माजी माय इथं एकटी पडल, मी जानार हाय शाळंला. ती तुमच्याकडं येईल खेळायला बोलवायला, तर नाई म्हनू नका. म्हून तर आमी आलो."

क्रांतीकडे गेली होती. पायलकडे गेली होती. पाचव्या मजल्यावर दोघी जावांना वेगवेगळी भेटली होती. माझ्या आधी सगळी दारं तिने वाजवली होती.

गॅस बंद केला. आत गेले. मनस्वी पलंगावर बसून पायातले बूट काढत होती. मी तिच्या डोक्यावर एक टपली मारली आणि म्हणाले, "जोतीराम सरांना फोन लाव." तिने लावून माझ्या हातात दिला. मी म्हणाले, सर, येतेय आमची मनस्वी. फोन ठेवल्यावर ती इतकी रडली, इतकी रडली, की मला वाटलं जायचं रद्द करते की काय. मी रडले नाही. बाहेर पोहे संपत होते.

२७ जानेवारी, मंगळवार

आज राग येतोय. उभ्या बिल्डिंगला माहीत होतं, मितेशलाही माहीत होतं, आणि मी शहाणी सगळ्यांना सांगत फिरत होते की माझ्या बोलण्यात काहीतरी आहे.

क्रांतीला फोन करून भांडले. ती म्हणाली, पहिल्या दिवशी पोरीने पाठवलं म्हणून आलो, नंतर अडीच महिने कशाला आलो असतो? प्रॅक्टिस सहाला आहे ना?

हो म्हणाले. गेले.

१४ जून, रविवार

कोपरखैरण्याला मनस्वीला सोडून आलो. काशीवहिनीने तिच्यासाठी खोली पांढरी रंगवून घेतली होती. पोरीचे कपडे कपाटात मी लावले. मितेश गाडीत शिट्टी वाजवत होता, त्याला शिट्टी वाजवता येत नाही. परत येताना आम्ही दोघं वाशीला डोसा खायला थांबलो.

१६ जून, मंगळवार

पाऊस आहे, त्यामुळे आम्ही पार्किंगमध्ये खेळतो. दोन खांबांना जाळी बांधतो. छत खाली आहे, म्हणून बॉल जास्त वर उडवायचा नाही. कोणाची गाडी मध्ये असेल तर बायजाबाई वॉचमनला ओरडते. रावसाहेबांच्या मिसेसही आता येतात.

आज खेळ रंगात आला होता आणि फोन वाजला. मनस्वी. मी बाजूला लिफ्टपाशी गेले.

आधी ती नुसती श्वास घेत होती. मग म्हणाली, जुन्या मुली आता वेगळ्या बसतात. तिच्या जागी वर्षभर दुसरी मुलगी लिफ्टर होती, ती चांगली खेळते, सरांनी दोघींना आलटून पालटून खेळवलं. काकीच्या घरी झोप येत नाही. मग म्हणाली, "मम्मी, मला घरी यायचंय. पप्पांना पाठव. आत्ता."

दिवाळीपासून मला हेच ऐकायचं होतं. देवाला नवस बोलायचा बाकी ठेवला होता, एवढंच. 'थांब, निघालोच' हे शब्द माझ्या जिभेवर होते. मागे वळून पाहिलं तर सगळ्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या, लिफ्टरशिवाय खेळ थांबला होता.

मी विचारलं, जेवलीस का? हो म्हणाली. काकी बरी वागते का? खूप म्हणाली. उद्या प्रॅक्टिस आहे का? आहे. मी म्हणाले, "शुक्रवारी ये, बाळा. पप्पा घ्यायला येतील. उद्या खेळायला जा."

मला वाटलं फोन ठेवला. मग बारीक आवाजात म्हणाली, "शुक्रवारी नक्की?"

"नक्की."

"बरं. तुझी प्रॅक्टिस चालू आहे का? मागे बायजाआजी ओरडतेय."

मी म्हणाले, चालू आहे. तिने 'जा मग' म्हटलं आणि फोन ठेवला.

मी परत जाळीपाशी आले. क्रांतीने विचारलं, तेव्हा मी जे झालं ते सगळं सांगितलं. कोणी समजावत बसलं नाही. पायलने सर्व्हिस केली. मी अंधार पडेपर्यंत खेळले आणि एकही बॉल पकडला नाही.

मितेश आता जेवायला बसलाय. त्याला यातलं काही सांगणार नाही. सांगितलं तर तो ताटावरून उठून गाडी काढेल, आणि त्याच्या आधी मी जाऊन गाडीत बसलेली असेन.